मोड नसलेला दागिना

एप्रिल २०२५मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाखाचा टप्पा ओलांडला आणि लग्नघरांतल्या याद्या नव्याने लिहिल्या जाऊ लागल्या. राणीहार आणखी हलका बसवा, पाटल्या पोकळ चालतील, बाजूबंद यंदा राहू दे. अशा दिवसांत मोबाइलवर एखादा फोटो फिरत येतो. गळ्यात अॅल्युमिनियमचा पाइप घातलेली बाई, नाहीतर मनगटात काळ्या रबराची बांगडी, नाहीतर अंगावर रंगवलेल्या काठ्यांचा भलामोठा सांगाडा. खाली ओळ असते, ‘अमुक म्युझियमच्या संग्रहातला दागिना’. कुणी हसतं, कुणी चिडतं. दोघांचाही प्रश्न एकच असतो: याला दागिना कोण म्हणेल?

म्हणणारे बरेच आहेत आणि गेली साठेक वर्षं ते तसं म्हणत आले आहेत. त्यांच्या बोलण्यात कुठे तथ्य आहे आणि कुठे नुसता आव आहे, ते बघू.

## सुरुवात सराफाच्या पावतीपासून

सराफाची पावती आपल्याला पाठ असते. वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, त्यावर घडणावळ, त्यावर जीएसटी. पुढे कधी गरज पडली आणि दागिना मोडायला नेला की मिळतात ते सोन्याचे पैसे. त्यातूनही घट वजा होते. घडणावळ बुडीत खाती. कारागिराने नक्षीवर आठवडा घालवला असो की साच्यातून दहा मिनिटांत काढलेलं असो, मोडताना दोघांना एकच न्याय. आपल्याकडे दागिना ही आधी बचत असते आणि मग शोभा, त्यामुळे हे कुणाला खटकतही नाही.

आता हीच पावती उलटी धरा. धातूची रक्कम जवळजवळ शून्य आणि सगळी किंमत घडणावळीची, त्यातही हातापेक्षा डोक्याने केलेल्या घडणावळीची. अशा दागिन्यांना जगभर ‘आर्ट ज्वेलरी’ म्हणतात. आपण सरळ कला-दागिने म्हणू. एका कलाकाराने स्वतः कल्पून, बहुतेक वेळा स्वतःच्याच हाताने केलेली वस्तू. एकुलती एक किंवा मोजक्या प्रतींची. चित्र किंवा शिल्प जसं काही सांगू पाहतं तसं काही सांगणारी, पण भिंतीवर किंवा चौथऱ्यावर न राहता माणसाच्या अंगावर राहणारी. एवढी व्याख्या पुरे.

एक गल्लत इथेच मिटवून टाकू. एक ग्रॅमचे दागिने म्हणजे कला-दागिने नव्हेत. एक ग्रॅमची ठुशी सोन्याच्या ठुशीची नक्कल करते आणि लांबून कुणाला कळू नये हीच तिची धडपड असते. कला-दागिना रबराचा असेल तर आपण रबराचे आहोत हे उघड सांगतो. मोठ्या पेढ्यांचे ‘डिझायनर’ सेटही यात येत नाहीत. तिथे आकार नवा असतो, पण भिस्त सोन्याहिऱ्यांवरच असते.

## काळ्या रबरात दडलेली गोळी

सगळा मुद्दा एकाच वस्तूत बघायचा असेल तर ओटो क्युन्झ्ली यांची बांगडी घ्यावी. क्युन्झ्ली मूळचे स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिखचे, जन्म १९४८चा, कारकीर्द जर्मनीतल्या म्युनिकमध्ये. १९८० साली त्यांनी काळ्या रबराच्या नळीची एक बांगडी केली. साधी, गोल, बिननक्षीची. एका ठिकाणी तेवढा फुगवटा आहे, कारण आत सोन्याची गोळी आहे. नाव ठेवलं, ‘सोनं आंधळं करतं’.

आत सोनं आहे हे आपल्याला सांगितलं जातं. दिसत मात्र नाही. खात्री करून घ्यायची तर रबर कापावं लागेल, आणि कापलं की बांगडी संपली. हातात उरेल एक गोळी, जिचं वजन करून कुठलाही सराफ भाव सांगेल. म्हणजे मालकापुढे दोनच रस्ते: कलाकारावर विश्वास ठेवून बांगडी घालायची, किंवा सोनं बघण्याच्या नादात दागिना गमवायचा. हॉलमार्कचा शिक्का मारायलाही जागा नाही.

मला या बांगडीतली सगळ्यात तिखट गोष्ट वेगळीच वाटते. आत खरंच सोनं आहे. क्युन्झ्ली यांना सोन्याची नुसती टवाळी करायची असती तर आत शिशाची गोळी घालून भागलं असतं. पण सोनं घालून ते झाकल्यामुळे प्रश्न घालणाऱ्याकडे वळतो. तुम्हाला सोनं हवं आहे की तुमच्याकडे सोनं आहे हे चार जणांना दिसायला हवं आहे? दुसरं असेल तर ही बांगडी निरुपयोगी. पहिलं असेल तर तक्रारीला कारणच नाही, सोनं मनगटावर आहेच. आपल्याकडच्या लग्नात ‘किती तोळ्यांचं आहे हो?’ हा प्रश्न ज्या सहजतेने विचारला जातो, ते आठवलं की ही बांगडी म्युनिकपुरती राहत नाही.

याच माणसाने १९८५-८६मध्ये एक साखळी केली. तिची एकेक कडी म्हणजे लग्नाची एकेक वापरलेली अंगठी. अशा ४८. अंगठ्या त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून विकत घेतल्या होत्या. कुणाचा घटस्फोट झालेला, कुणी विधवा, कुणाला पैशांची नड; कुठली अंगठी का आली हे साखळी सांगत नाही. कड्यांचं सोनं अस्सल, काम स्वच्छ, आणि तरीही गळ्यात घालायची म्हटली तर हात कचरतो. ४८ अनोळखी संसार गळ्यात कोण घालणार? आपल्याकडे दुसरीचं मंगळसूत्र सहसा कुणी गळ्यात घालत नाही, त्यामुळे हे समजायला आपल्याला कलेच्या पदवीची गरज पडू नये. सराफाला विचाराल तर त्या ४८ अंगठ्या वितळवल्यावर एकच लगड. क्युन्झ्ली यांनी त्या वितळवल्या नाहीत, एवढीच त्यांची करामत, आणि ती पुरेशी आहे.

## पण शिल्प म्हणण्याइतकं त्यात काय आहे?

शिल्पाला जागा लागते. चौकातला पुतळा चौकासाठी असतो, तो बैठकीत आणून ठेवला की बिघडतो. कला-दागिन्याची जागा म्हणजे शरीर, आणि ही जागा चालते, वाकते, घामेजते, तिच्यावर कपडे असतात, ती कुणाला तरी भेटायला जाते. चौथऱ्यावरच्या शिल्पाभोवती आपण फिरतो. इथे शिल्पच आपल्यासमोर फिरतं.

अमेरिकेतल्या मार्जरी शिक यांची गोष्ट यासाठी सांगण्याजोगी आहे. १९६०च्या दशकात डेव्हिड स्मिथ या शिल्पकाराच्या पोलादी शिल्पांवरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. फोटो बघताना त्यांच्या मनात आलं, या शिल्पातून डोकं किंवा हात आरपार घालता आला तर कसं वाटेल? पुढे जन्मभर त्यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. रंगवलेल्या लाकडी काठ्या, कागदाचा लगदा, कॅनव्हास यांतून त्या एवढ्या मोठ्या वस्तू करत की घालणारी व्यक्ती दारातून तिरकी होऊनच आत यावी. अंगावर नसतात तेव्हा त्या भिंतीवर शिल्प म्हणून राहतात, अंगावर चढल्या की त्यांचा आणि माणसाचा मिळून तिसराच आकार होतो.

उलट बाजूने आले अलेक्झांडर काल्डर, हवेत तरंगणाऱ्या ‘मोबाइल’ शिल्पांचे जनक. लहानपणी ते बहिणीच्या बाहुल्यांसाठी तांब्याच्या तारेचे दागिने करत आणि पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ती सवय सुटली नाही. आयुष्यभरात त्यांनी सुमारे १,८०० दागिने केले. पितळेची, चांदीची तार वाकवायची, हातोडीने चपटी करायची, वेटोळी घालायची. झाळकाम जवळजवळ नाहीच. तारेत तार अडकवून किंवा रिव्हेट मारून काम भागवलेलं. १९४०च्या सुमाराचा त्यांचा एक पितळी हार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. नाव, ‘मत्सरी नवरा’. खांद्यांच्या वर टोकं काढून तो असा बसतो की घालणारीच्या फार जवळ जायची कुणाची छाती होऊ नये. तोच हार टेबलावर ठेवला तर विनोद निम्मा मरतो.

जर्मनीचे फ्रीडरिश बेकर मुळात विमानबांधणी शिकलेले. त्यांनी अशा अंगठ्या केल्या ज्यांचे भाग हात हलला की फिरतात. हात थांबला की अंगठीही थांबते.

शरीर ही जागा मानणं आपल्याला परकं नाही. कानाच्या वरच्या पाळीला बुगडी, दंडाला वाकी, नाकाला नथ, पायाच्या बोटाला जोडवी, अंबाड्याला अग्रफूल आणि केवडा. शरीराचा एवढा बारीक नकाशा ज्यांनी आखला त्यांना ‘अंगावरचं शिल्प’ ही कल्पना कुणी म्युनिकहून येऊन शिकवायला नको. मोत्यांची नथच बघा. गालावर तिची सावली पडते, बोलताना ती हलते, आणि डबीत ठेवली की अर्धी होते. फरक पुढे आहे, तिकडे येतोच.

## सोन्याशी भांडण कधी सुरू झालं?

सोन्याविना दागिना ही कल्पना अधूनमधून आधीही डोकावली होती. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या लढाईत प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या बायकांनी सोन्याचे दागिने देशाला दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले. ‘सोनं दिलं, लोखंड घेतलं’ अशा अर्थाची अक्षरंच त्यांवर असत. काही काळ तिथे लोखंड घालणं ही सोन्यापेक्षा मोठी शान होती. १९००च्या आसपास पॅरिसमध्ये रने लालीक शिंग, काच आणि मीनाकारी यांना रत्नांच्या पंक्तीला बसवू लागले. त्यांचा ‘चतुरीण’ हा छातीवर लावायचा दागिना लिस्बनच्या गुलबेंकियन म्युझियममध्ये आहे. चतुराच्या तोंडातून बाईचं अर्धं शरीर बाहेर येतंय, पंख सुमारे २७ सेंटीमीटर रुंद. तो लावून जेवायला बसणं अवघडच.

पण खरी खणाखणी झाली ती १९६०च्या दशकात, नेदरलंड्समध्ये. एमी फान लिअरसम आणि खाइस बाकर या नवरा-बायकोने अॅल्युमिनियम हाताशी धरलं. बाकर यांनी १९६७मध्ये शेगडीच्या धुराड्याचा पाइप घेऊन त्याचा गळ्यातला केला. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये या दोघांचे दागिने मॉडेलांच्या अंगावर चढवून लोकांसमोर चालवले गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सोनं घातलं की बघणारा आकार बघतच नाही, ऐपत बघतो. मग सोनंच काढून टाकू. अॅल्युमिनियम सगळ्यांना परवडेल, दागिना श्रीमंतांच्या तिजोरीतून रस्त्यावर येईल. (तो फारसा आला नाही. पाइप स्वस्त होता, पण तो घालायची हिंमत महाग होती.)

गंमत अशी की याच दशकात भारतातल्या सोनारांचंही शुद्ध सोन्याशी नातं तुटलं होतं, पण ते सरकारने तोडलं होतं. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांची रोजीरोटी गेली. अॅमस्टरडॅममध्ये सोनं सोडणं हे बंड होतं. आपल्याकडे ते संकट होतं. या विषयावर बोलताना एवढं भान ठेवावं. ज्यांना सोनं सोडणं परवडतं त्यांनाच त्याचं तत्त्वज्ञान करता येतं.

या कलेची पंढरी म्हणजे म्युनिक. तिथल्या कारागिरी-जत्रेत १९५९पासून ‘श्मुक’ म्हणजे ‘दागिने’ एवढ्याच नावाचं प्रदर्शन भरतं आणि जगभरचे कलाकार तिथे निवड व्हावी म्हणून धडपडतात. तिथल्या कला अकादमीत आधी हेर्मान युंगर आणि १९९१पासून दोन दशकांहून जास्त काळ क्युन्झ्ली शिकवत होते. आजच्या कला-दागिन्यांतली कितीतरी नावं या एकाच वर्गातून निघाली. दुसरं ठिकाण जर्मनीतलंच फोर्त्सहाइम. १७६७पासून दागिने आणि घड्याळांच्या कारखान्यांवर उभं असलेलं हे गाव ‘सोन्याचं शहर’ म्हणून ओळखलं जातं, आणि तिथल्या दागिन्यांच्या म्युझियममध्ये प्राचीन सोन्याच्या जोडीने प्लास्टिक आणि पोलादही मानाने मांडलेलं आहे.

## ‘आमच्या साजालाही अर्थ असतोच की’

हा आक्षेप रास्त आहे. कोल्हापुरी साजाच्या पानांत विष्णूचे अवतार असतात, अष्टमंगल असतं, माणिक-पाचू असतात, शेवटी ताईत. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांत एक सासरची, एक माहेरची असं आपण सांगत आलो. अर्थाशिवाय दागिना आपल्याकडे क्वचितच घडला असेल. मग या मंडळींनी नवीन काय केलं?

साजाचा अर्थ गावाचा आहे. तो सोनाराने ठरवलेला नाही आणि घालणारीनेही नाही. तो आधीपासून आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि दागिना तो पुढे नेतो. सोनाराला इथे कौशल्य दाखवायला भरपूर वाव आहे, मतभेद दाखवायला नाही. मंगळसूत्राची एक वाटी मुद्दाम उलटी लावून ‘मला या नात्याबद्दल काही म्हणायचं आहे’ असं सोनार म्हणू शकत नाही. म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जाईल. कला-दागिना करणारा नेमकं तेच म्हणतो. त्याचा अर्थ एका माणसाचा असतो आणि तो बघताक्षणी कळेल याची हमी नसते. हे त्याचं बळही आहे आणि अडचणही. साज समजावून सांगायला कार्ड लागत नाही; क्युन्झ्ली यांच्या बांगडीला लागतं.

माझं मत विचाराल तर ज्या वस्तूला समजायला दोन पानांचं पत्रक लागतं ती बहुतेक वेळा फसलेली असते. एका वाक्याची मात्र मुभा द्यावी. ‘आत सोनं आहे’, एवढ्या तीन शब्दांनी ती बांगडी उभी राहते.

आपल्याकडेही परंपरेतलं चिन्ह उचलून स्वतःचं म्हणणं मांडणारे आहेत. कोलकात्याच्या एना अहलुवालिया यांनी लग्नाच्या शपथांवर दागिन्यांची मालिका केली तेव्हा त्यात कृपाणाचा आकार आणला. नववधूच्या अंगावर शस्त्र, विषय घरातली हिंसा. पत्रक न वाचताही निम्मं पोचतं.

## ‘हे घालणार कोण?’

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. याचं एक उत्तर म्हणजे घालणाऱ्याही ठसठशीत बायका होऊन गेल्या. ऑक्टोबर १९४२मध्ये कलासंग्राहक पेगी गुगनहाइम यांनी न्यूयॉर्कमध्ये आपलं कलादालन उघडलं, तेव्हा त्यांनी एका कानात काल्डरचं डूल घातलं आणि दुसऱ्यात ईव्ह तांगीचं. काल्डर अमूर्त कलेवाले, तांगी अतिवास्तववादी. दोन गटांचं फारसं पटत नसे. दालन कुणा एकाचं नाही हे भाषण न करता सांगून झालं.

मॅडेलिन ऑलब्राइट यांनी तर ब्रूचना, म्हणजे कपड्यावर पिनेने लावायच्या दागिन्यांना, राजकारणाची भाषाच बनवलं. त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत असताना इराकच्या सरकारी वृत्तपत्रांनी त्यांना सर्पिणीची उपमा दिली, तर त्या इराकबद्दलच्या पुढच्या बैठकीला सापाचा ब्रूच लावून गेल्या. पुढे त्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि धुराड्याच्या पाइपवाले खाइस बाकर यांनी त्यांच्यासाठी एक ब्रूच केला: स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, आणि दोन्ही डोळ्यांच्या जागी घड्याळं. एक घड्याळ सुलटं, समोर बसलेल्या पाहुण्याला वेळ दिसावी म्हणून. दुसरं उलटं, खाली नजर टाकली की ऑलब्राइटना दिसावी म्हणून. भेट संपली हे दोघांनाही एकदमच कळणार. भिंतीवर टांगला तर या ब्रूचला काहीच अर्थ उरत नाही. त्याला मागे एक छाती लागते आणि समोर एक माणूस. अंगावरचं शिल्प म्हणजे काय याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता दुसरं, जरा कडू उत्तर. यातल्या बऱ्याच गोष्टी कुणीच घालत नाही आणि त्या घालण्यासाठी केलेल्याही नसतात. बाकर यांनी १९७३मध्ये सोन्याची बारीक तार दंडाभोवती, कमरेभोवती घट्ट आवळली आणि मग काढून टाकली. कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना. थोड्या वेळात तोही गेला, उरले फोटो. ऑस्ट्रियाचे पेटर स्कुबिक त्याहून पुढे गेले. १९७५मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून पोलादाचा एक तुकडा स्वतःच्या हाताच्या कातडीखाली बसवून घेतला आणि सात वर्षं बाळगून १९८२मध्ये काढला. सात वर्षं दागिना अंगावर काय, अंगातच होता, आणि दिसला तो फक्त क्ष-किरण तपासणीत.

हे प्रयोग टोकाचे आहेत आणि त्यांना तसंच घ्यावं. दागिना दिसलाच पाहिजे का, टिकलाच पाहिजे का, असे प्रश्न एकदा विचारून झाले की ते पुन्हा पुन्हा विचारण्यात मजा नसते. दुर्दैवाने आजच्या प्रदर्शनांत त्यांचीच आवर्तनं बरीच दिसतात. मान मोडेल इतका जड, पिन कपड्यात अडकेना असा, पण फोटोत झकास दिसणारा ब्रूच हे मला शिल्पही वाटत नाही आणि दागिनाही. पिन नीट बसणं, कपडा न फाटणं, वजनाने ब्रूच पुढे न झुकणं, या सोनाराच्या जुन्या चिंता आहेत आणि त्या सुटल्या नसतील तर वरची कल्पना कितीही थोर असो, काम अर्धवट आहे.

## ‘असं तर कुणीही करेल’

१९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात विणकाम-कलाकार आनी आल्बर्स आणि त्यांचे विद्यार्थी अॅलेक्स रीड यांनी एक हार केला. साहित्य: सिंकच्या तोंडाशी बसवायची अॅल्युमिनियमची जाळी, कागदाच्या टाचण्या म्हणजे पेपरक्लिप आणि मण्यांची साधी साखळी. मधोमध जाळी पदकासारखी, तिच्या कडेला ओळीने क्लिपा लटकलेल्या. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत असा हार कुणीही करू शकेल. हे खरंच आहे आणि त्यांना ते हवंच होतं.

पण त्याआधी एक प्रवास आहे. मेक्सिकोत मोन्ते आल्बान इथल्या थडग्यात १९३२मध्ये प्राचीन दागिने सापडले होते. ते आल्बर्स यांनी पाहिले तेव्हा सोन्याबरोबर शिंपले, साधे खडे अशा गोष्टी बेधडक ओवलेल्या त्यांना दिसल्या. त्या कारागिरांनी मौल्यवान आणि मामुली असा भेद केलाच नव्हता. मग आपण तरी का करावा? एवढा विचार करून ते हार्डवेअरच्या दुकानात शिरले. १९४६मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात काल्डर यांच्या कामाबरोबर हेही दागिने होते. जाळी पदक होऊ शकते हे एकदा दिसलं की सोपं असतं. आज कुणी पुन्हा सिंकची जाळी ओवली तर ती नुसती जाळीच राहील.

## ‘मग पैसे कशाचे मोजायचे?’

सरळ उत्तर: नावाचे, कल्पनेचे आणि वेळेचे. आणि हे पैसे परत येतील असं धरून चालू नये. काल्डर यांचे पितळी दागिने आज लिलावात लाखो डॉलरांना जातात, पण ते काल्डर आहेत. बाकी बहुतेकांच्या कामाला पुनर्विक्रीचा बाजार फारच तोकडा आहे. सोनं घेऊन सराफाकडे गेलं तर त्याच दिवशी पैसे मिळतात. रबराची बांगडी घेऊन गेलं तर चहा मिळेल. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा अडीअडचणीसाठी जे घ्यायचं ते सोनंच घ्यावं, यात कुणी कला-दागिनेवालाही वाद घालणार नाही.

टिकाऊपणाचाही प्रश्न आहे. सोनं हजारो वर्षं जमिनीत राहून चकचकीत बाहेर येतं. रबर कडक होऊन तडकतं, प्लास्टिक पिवळं पडतं, नायलॉन ठिसूळ होतं, कागदाच्या लगद्याला दमट हवा सोसत नाही. सोनं टाळून केलेल्या वस्तू जतन करणं म्युझियमवाल्यांना सोन्यापेक्षा जड जातं. त्यासाठी उजेड, ओलावा आणि तापमान सगळंच धरून ठेवावं लागतं. घरी घेतलेली वस्तू निदान उन्हात आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवू नये.

आणि म्युझियमची आणखी एक अडचण आहे जी सुटण्यासारखी नाही. दागिना काचेआड गेला की तो अंगावरून उतरला. पाटी वाचता येते, हलताना कसा दिसतो ते कळत नाही. म्हणून हे बघायला गॅलऱ्या बऱ्या. मार्च महिन्यात ‘श्मुक’च्या दिवसांत म्युनिकभर दुकानांत, गॅलऱ्यांत, स्टुडिओंत छोटी प्रदर्शनं लागतात. तिथे बहुतेकदा आरसा ठेवलेला असतो आणि घालून बघू का असं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. जाताना गळाबंद, साधा, एकरंगी कपडा घालून जावा. ब्रूच त्यावरच नीट दिसतो, आणि रेशमावर पिन टोचायला मालकही घाबरतो.